सांबऱ्याला निघालेल्या भावासाठी चार गोष्टी

भावा, एअरफोर्समध्ये अग्निवीर म्हणून सिलेक्शन झालं, आता बेळगावजवळ सांबऱ्याला ट्रेनिंगला निघालास, लय भारी वाटलं बघ. मी ९० च्या दशकात एअरफोर्सला गेलो तेव्हा रंकाळ्यावर पळून तयारी केलेली आणि पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीनं बेळगाव गाठलेलं. तेव्हा घरचा आवाज ऐकायचा म्हणजे रविवारी एसटीडी बूथच्या लाईनीत उभं राहायचं, मीटर पळतोय बघून आईला नीट बोलताच यायचं नाही, बाकी सगळं पत्रावर. आता मोबाईल आलाय पण ट्रेनिंगमध्ये तो कायम हातात नसतो, तेव्हा आतापासूनच सवय मोड, आणि घरच्यांना सांगून ठेव की फोन आला नाही म्हणून घाबरायचं नाही.

मोठा फरक नोकरीचाच. आम्ही २० वर्षांच्या करारावर गेलो, २०२२ च्या अग्निपथ भरती योजनेनंतर तुमची ४ वर्षं आणि पुढं २५ टक्केच कायम. म्हणून पहिल्या दिवसापासून अभ्यास सोडू नको, संध्याकाळी अंग मोडून आलं तरी वही उघडायचीच.

टेक्निकल ट्रेड मिळाला तर एक सांगतो, टूल मोजायचं कधी चुकवू नको. एकदा आमचा एक स्पॅनर कमी भरला, विमानातच राहिला असेल म्हणून विमान थांबलं, रात्री उशिरापर्यंत टॉर्च घेऊन सगळे शोधतोय, शेवटी माझ्याच ओव्हरऑलच्या खिशात सापडला. मीच गप सार्जंटला जाऊन सांगितलं, शिक्षा झाली पण त्यांनी नंतर माझ्यावर विश्वास ठेवला. चूक झाली तर लगेच सांग, वर बसणाऱ्या पायलटचा जीव असतो त्यात.

बूट मात्र आत्ताच घालून पळायला लाग, फोड इथंच येऊन जाऊ देत.