मुलांना घरचा स्वयंपाक शिकवताना सुरुवात कोणत्या पदार्थापासून करावी?

माझ्या मते वरण-भातापासून करावी, कारण त्यात डाळ-तांदूळ धुणे, पाण्याचा अंदाज आणि फोडणी हे सगळे येते आणि मुलाने केलेले त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांच्या पानात पडते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला १ वाटी तांदळाला २ आणि १ वाटी तूरडाळीला सुमारे ३ वाट्या पाणी स्वतः मोजू द्यावे. कुकर मात्र मोठ्यांनीच लावावा आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण का उघडायचे नाही, हे समजावून सांगावे. फोडणी बाराव्या वर्षानंतर, शेजारी उभे राहून शिकवावी: तेल तापल्यावर मोहरीचे दोनच दाणे टाकून ते तडतडतात का हे पाहायचे, मग उरलेली मोहरी आणि शेवटी, गॅस बारीक करून, हिंग-हळद, कारण हळद पटकन करपते. मीठ किती हवे, हे चव घेऊन मुलालाच ठरवू द्यावे.