पळणार तुम्ही, पैसे मुलांचे

प्रश्न: मी आठवड्यातून तीनेकदा पळतो, एक हाफ मॅरेथॉन झालीये. ओळखीच्या एका ॲथलेटिक्स क्लबमधल्या मुलांसाठी फुल मॅरेथॉन पळून पैसे जमवायचं डोक्यात आहे. पण लोकांकडे मागायचं कसं, लाज वाटते हो. आणि ३०व्या किमीला पाय गेले, रेस सोडावी लागली तर घेतलेल्या पैशांचं काय?

उत्तर: दुसरं आधी घेऊ, कारण खरी भीती तीच दिसतेय. पैसे फिनिशशी बांधूच नका. पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका की मी रेस पूर्ण करो न करो, पैसे क्लबलाच जाणार. काहीजण दर किमीमागे इतके असं कबूल करतात, ऐकायला भारी वाटतं पण नंतर वसुली करत फिरायचं तुम्ही, आणि गुडघा ओरडत असताना त्या आकड्यापायी पळत राहणार तेही तुम्हीच. टेरी फॉक्सचं बघा ना, १९८० साली एका कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघाला, कॅन्सर संशोधनासाठी, रोज जवळपास एक मॅरेथॉन. ५३७३ किमीनंतर त्याचा स्वतःचा कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून थांबावं लागलं. पैसे त्यानंतरही येतच राहिले.

आता मागायचं कसं. ‘मी ४२.१९५ किमी पळतोय, मदत करा’ यात तुमचा पराक्रम दिसतो, मुलं कुठेच नाहीत. आधी कोचला विचारा नेमकं अडतंय कुठे. बरेचदा ते स्पाइक्सच निघतात, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट. वाढत्या वयात पाय भराभर वाढतो, जोडी झिजायच्या आधीच लहान होते. मग एकाची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, संपली की तेच गरम स्पाइक्स दुसऱ्याने चढवायचे, पुढे मोजा कोंबायचा, लेस धड बांधेपर्यंत नाव पुकारलेलं असतं. बरं, स्प्रिंटचे वेगळे, लांब उडीचे वेगळे. हे लिहा, ‘इतक्या जोड्या हव्यात’ असं लिहा, लाज आपोआप कमी होते कारण तुम्ही स्वतःसाठी मागतच नाही आहात. सुरुवात घरच्यांपासून करा, रिकाम्या यादीत पहिलं नाव कोणालाच घालायचं नसतं. पैसे थेट क्लबच्या खात्यात, तुमच्या नको. एन्ट्री फी मात्र स्वतःच्या खिशातून भरा, नाहीतर कोणीतरी विचारणारच. मुलांचे फोटो टाकायचे तर पालकांची परवानगी घ्या. आणि एखाद्या संस्थेचा चॅरिटी बिब (निधी जमवायच्या बोलीवर मिळणारा रेसचा नंबर) घेणार असाल तर अटी नीट वाचा, ठरलेली रक्कम जमली नाही तर उरलेली तुमच्याकडून घेतात कधीकधी.

ट्रेनिंगला १६ ते १८ आठवडे धरा, लाँग रन हळूहळू ३०-३२ किमीपर्यंत न्या, शेवटचे दोनतीन आठवडे कमी करत या. ३०नंतर पाय जातात ते बहुतेकदा ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, संपत आल्याने, किंवा सुरुवातीला जोशात सुसाट सुटल्याने. एनर्जी जेल (पळताना खायचं साखरेचं पाकीट) लाँग रनमध्येच खाऊन बघा, रेसच्या दिवशी नवा ब्रँड नको. रेसच्या आदल्या दिवशी मेसेज परत टाका, पुष्कळजण तेव्हाच देतात.