स्वर्गातल्या नोंदवहीतली चूक

प्रश्न : 'हेवन कॅन वेट' नावाचे दोन चित्रपट सापडले. वेळेआधीच वर नेलेल्या बॉक्सरची गोष्ट त्यांतल्या कुठल्यात आहे? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्हींत नाही! तो बॉक्सर, जो पेंडलटन, भेटतो १९४१च्या 'हिअर कम्स मिस्टर जॉर्डन'मध्ये. हॅरी सीगल यांच्या मूळ नाटकाचं नाव 'हेवन कॅन वेट', घोळ तिथला. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांचा १९४३चा 'हेवन कॅन वेट' निराळ्याच नाटकावरचा. वॉरन बेटींच्या १९७८च्या चित्रपटात गोष्ट 'मिस्टर जॉर्डन'चीच, पण नायक अमेरिकी फुटबॉल खेळतो. हिंदीतला 'झुक गया आसमान' (१९६८) याच कुळातला.

प्रश्न : गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी हीच कल्पना घेतोय. आत्मा दुसऱ्या देहात गेल्यावर नट बदलायचा का? आणि ढग कसे करायचे? – नाट्यमंडळ, फोंडा

उत्तर : नट अजिबात बदलू नका. 'मिस्टर जॉर्डन'मध्ये पेंडलटन श्रीमंत फार्न्सवर्थच्या देहात शिरतो, तरी आपल्याला त्याचं काम करणारा रॉबर्ट मॉन्टगोमेरीच दिसतो. फार्न्सवर्थ दिसतो तो इतर पात्रांना. गंमत त्यातच आहे. मग ओळख पटवायची कशी? पेंडलटन सॅक्सोफोन वाजवतो, तोही वाईट, आणि त्यावरून त्याच्या मॅनेजरची खात्री पटते. तुमच्याकडे पेटी चालेल. पहिल्याच प्रवेशात एक सूर चुकवा आणि पुढे नेमका तोच चुकवा. दुसरा चुकला की प्रसंग पडलाच.

ढगांसाठी ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू. पत्र्याच्या पिंपात २५-३० लिटर कढत पाणी, त्यात जाळीच्या टोपलीतून ४-५ किलो तुकडे सोडा. दाट धुकं पहिली काही मिनिटंच टिकतं, कारण पाणी भराभर थंड होतं. दुसऱ्या प्रवेशाला पाणी बदला. बर्फ त्याच दिवशी आणा, थर्माकोलच्या पेटीतही तो उडून जातो. पेटीचं झाकण घट्ट लावू नका, आतला वायू ती फोडेल. तापमान उणे ७८ अंश, म्हणून जाड हातमोजे हवेतच. मांडव उघडा असेल तर पंखे बंद ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूला कनात बांधा, नाहीतर स्वर्ग प्रेक्षकांच्या मागे जाईल.

आणखी एक. हा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पेटी-तबलावाले रंगमंचापुढे खोलगट जागी बसत असतील तर त्यांना वर, बाजूला बसवा. तिथे गुदमरायला होतं. फळ्याही ओल्या होऊन निसरड्या होतात. यमदूताला धावत आणू नका.