दूध आणि कंपवाताची गोळी

प्रश्न: आमच्या आबांना कंपवात आहे. पहाटे कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पितानाच लेव्होडोपाची गोळी घेतात. हल्ली ती लागू पडत नाही, शर्टाचं बटणही लागत नाही. काय करावं?

उत्तर: ताई, आधी गोळीची वेळ बदलून बघा. कंपवातात मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचाली नीट ठेवणारं रसायन, कमी पडतं. ते थेट देऊन मेंदूत शिरत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. आत गेल्यावर त्याचंच डोपामिन होतं. पण दुधातल्या प्रथिनांचे घटकही त्याच दारातून घुसतात, आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवरही. त्या गर्दीत गोळी मागं राहते. माझ्या वडिलांचा कप बशीवर थडथडायचा, तो आवाज अजून कानात आहे. गोळी दुधाआधी अर्धा तास, साध्या पाण्याबरोबर द्या. मटणालाही हेच. दूध मात्र तोडू नका, आणि गोळी परस्पर बंद तर मुळीच नको. फरक नाहीच पडला, तर वेळा वहीत टिपून डॉक्टरांना दाखवा.