वाचकांचे प्रश्न : थंड मुलखात पामची बाग

मागील अंकात शिंदीच्या झाडावर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर मराठवाड्यातून जी पत्रे आली, त्यांतील पुष्कळशी पत्रे मुले किंवा भावंडे परदेशी असलेल्या वाचकांची होती. ऊन आणि शिंदी पाहत वाढलेल्या माणसाला थंड देशातील अंगणात एखादा पाम असावा असे वाटते. तो तिथे टिकेल का आणि टिकवावा कसा, हा त्या पत्रांतील मुख्य प्रश्न. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (अंबाजोगाई) : माझी मुलगी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ राहते. तिने कुंडीत लावलेले नारळाचे रोप पहिल्याच हिवाळ्यात गेले. घरामागे लहानसे अंगण आहे. तेथे जमिनीत लावता येईल असा खरा पाम आहे का? हिवाळ्यात तापमान कधीकधी शून्याखाली पाच अंशांपर्यंत जाते.

उत्तर : नारळ जाणारच होता. त्याला बारमाही ऊब लागते, आणि तापमान बराच काळ दहा-बारा अंशांच्या खाली राहिले की त्याची वाढ थांबून तो हळूहळू खंगतो. मात्र पामच्या कुळात सुमारे २,५०० जाती आहेत, आणि त्यांतील मूठभर जाती डोंगरात, बर्फ पडणाऱ्या मुलखात वाढलेल्या आहेत. आपल्या मुलीने त्यांपैकी चुसान पाम लावावा. त्याचे शास्त्रीय नाव ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी. पंख्यासारखी पाने आणि खोडाभोवती काथ्यासारखी तपकिरी जाळी, ही त्याची ओळख. चीनमधील शेतकरी या जाळीचे दोर वळत, झाडू करत आणि पावसात अंगावर घ्यायला आपल्या इरल्यासारखे पांघरूणही विणत. जपानमधून याचे बी फिलिप फॉन सीबोल्ड यांनी १८३० मध्ये युरोपात पाठवले. पुढे १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून रोपे इंग्लंडला धाडली. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणणारे फॉर्च्यून ते हेच. तेव्हापासून हा पाम इंग्लंडच्या हवेत उघड्यावर वाढतो आहे, त्यामुळे तो तेथे टिकेल की नाही याची शंका उरलेली नाही.

रुजलेले मोठे झाड शून्याखाली बारा ते पंधरा अंशांची थंडी थोडा काळ सोसते. परंतु रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर छापलेल्या या आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. थंडी कोरडी आहे की ओली, आणि तिच्यानंतर येणारा उन्हाळा किती तापतो, या दोन गोष्टी त्या आकड्याइतक्याच, किंबहुना अधिक महत्त्वाच्या आहेत. बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानात मझारी नावाचा पाम आहे. तिकडच्या कोरड्या डोंगरात तो बर्फातही तग धरतो, पण मँचेस्टरच्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या रिपरिपीत, पारा शून्याच्या वर असतानाही, त्याचा गाभा कुजतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातील नीडल पाम शून्याखाली वीस अंशही सोसतो. मात्र त्याला घाम काढणारा उन्हाळा हवा असतो, आणि जेथे जुलैतही दुपार वीस अंशांच्या आसपास असते तेथे तो वर्षाकाठी जेमतेम एखादे-दुसरे पान काढतो. चुसान पामला ओल चालते आणि मंद उन्हाळाही पुरतो, म्हणून थंडीच्या आकड्यात नीडल पामच्या मागे असूनही मँचेस्टरमध्ये तोच सरस ठरतो. दुसरा पाम हवा असल्यास भूमध्य समुद्राकाठचा ठेंगणा कॅमेरॉप्स ह्युमिलिस दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी लावावा. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेले त्याचे झाड आजही उभे आहे, अर्थात काचघरात.

लागवड मे महिन्यात करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळांना पाच-सहा महिने मिळतात. शरद ऋतूत सवलतीत मिळणारी रोपे घेण्याचा मोह टाळावा. जागा वाऱ्याच्या आडोशाची असावी, कारण चुसान पामची रुंद पाने वाऱ्याने फाटून झालरीसारखी लोंबू लागतात. आडोसा नसेल तर वॅग्नेरियानस हा त्याचाच लहान, ताठ पानांचा प्रकार घ्यावा. अंगणातील माती चिकण असेल तर खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत खत-माती भरू नये. काळ्या रानात खड्डा घेऊन त्यात पोयटा भरला की पावसाळ्यात त्याचे डबके कसे होते, हे आपण पाहिले असेलच. त्यापेक्षा आहे त्याच मातीत जाड वाळू-खडी मिसळून वीतभर उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे.

प्रश्न (लातूर) : नेदरलँड्समध्ये माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी चुसान पाम लावला. या हिवाळ्यात त्याने झाड प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवले होते. मार्चमध्ये कागद काढला तेव्हा मधले न उमललेले पान हलकेच ओढताच हातात आले. त्याचे बूड तपकिरी झाले होते आणि त्याला घाण वास येत होता. शेजारी म्हणतात, झाड मेले, उपटून टाका. काय करावे?

उत्तर : उपटू नये. निदान ऑगस्ट उलटेपर्यंत तरी नाही.

कोकणात माडाच्या या मधल्या न उमललेल्या पानाला सुई म्हणतात, आणि तेथील बागायतदारांना कोंब कुजण्याचा रोग चांगलाच परिचयाचा आहे. आपल्या चिरंजीवांच्या झाडाचे दुखणे त्याच जातीचे आहे. आंबा किंवा लिंब यांचा शेंडा मेला तर खालून दुसरी फूट येते. चुसान पामच्या एकेरी खोडात मात्र वाढीचा कोंब एकच असतो, तो पानांच्या देठांच्या वेढ्यात खोलवर दडलेला असतो आणि तो मेला की झाड संपले. म्हणून थंड देशात पामचे संरक्षण म्हणजे मुख्यतः त्या कोंबाचे संरक्षण; पाने करपली तर नवी येतात.

घात बहुधा प्लास्टिकनेच केला. हिवाळ्यातही दुपारी ऊन पडते, त्याने कागदाच्या आत वाफ धरते, ती थेंबांच्या रूपाने नेमकी शेंड्यात उतरते आणि रात्री तेथेच गोठते. गोठताना कोवळ्या पेशी फुटतात; थंडी ओसरली की त्या जखमेत बुरशी आणि जिवाणू शिरतात. सुई हातात येते ती या अवस्थेत. पण ती जेथे तुटते तेथून खरा कोंब बहुतेक वेळा आणखी खाली असतो, आणि कूज तेथवर पोचलेली नसेल तर झाड वाचते.

आता करायचे ते असे. सैल झालेला कुजका भाग हाताने निघेल तेवढाच काढावा, टोकदार वस्तूने आत उकरू नये. त्या पोकळीत औषधांच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे ओतावे. कुजका भाग असेल तेथे ते फसफसते. काही दिवसांच्या अंतराने हे पुन्हा करावे आणि फेस येणे जवळजवळ थांबले की सोडून द्यावे. तांब्याचे बुरशीनाशक वापरायचे असल्यास त्या देशात घरगुती बागेसाठी परवानगी असलेलेच घ्यावे आणि प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवावे. शेंड्यावर पावसाचे पाणी पडू नये म्हणून वर छोटे छप्पर करावे, मात्र चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात; पोकळी कोरडी राहणे हाच निम्म्याहून अधिक इलाज आहे. खत अजिबात देऊ नये. हिरवी असलेली जुनी पाने कापू नयेत, कारण कोंबाला नवे पान घडवायला लागणारे अन्न तीच पुरवतात.

झाड जिवंत आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पोकळीच्या कडेला जे सर्वांत कोवळे देठ उरले असेल, त्यावर आणि त्याला लागून असलेल्या जुन्या देठावर पक्क्या शाईच्या पेनाने एकच आडवी रेघ सलग ओढावी. ऊब वाढल्यावर काही आठवड्यांनी पाहावे. कोवळ्या देठावरची रेघ जुन्या देठावरच्या रेघेपेक्षा वर सरकलेली दिसली, तर खाली कोंब काम करतो आहे. पुढे जे पहिले पान बाहेर येईल ते बहुधा अर्धवट, टोके कापल्यासारखे आणि वेडेवाकडे असेल. ते पाहून घाबरू नये आणि ते तोडूही नये. त्यामागून येणारी पाने एकेक करून सुधारत जातात.

पुढच्या हिवाळ्यासाठी एवढे सांगतो की नेदरलँड्समधील नेहमीच्या हिवाळ्यात रुजलेल्या चुसान पामला गुंडाळण्याची गरजच पडत नाही. आपल्या मुलाचे झाड मात्र लहान आणि दुखावलेले आहे, म्हणून बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा वीतभर थर द्यावा, आणि कडाक्याच्या थंडीची लाट येणार असे हवामान खात्याने सांगितले तर पाने मऊ दोरीने सैलसर वर बांधून, मध्ये कोरडे काड भरून, भोवती हवा खेळेल असे पांढरे नॉनवोव्हन कापड लावावे. लाट ओसरली की ते काढावे. नोव्हेंबरात बांधलेले गाठोडे थेट मार्चमध्ये सोडणे हे थंडीपेक्षा अधिक घातक ठरते.

प्रश्न (नांदेड) : स्कॉटलंडच्या प्रवासात प्लॉक्टन या गावी समुद्राकाठी पामच्या झाडांची रांग पाहिली. इतक्या उत्तरेला ती कशी जगतात?

उत्तर : आपण पाहिलेली झाडे पाम नव्हेत. ती न्यूझीलंडची कॉर्डिलाइन आहेत आणि त्यांचे कूळ शतावरीच्या जवळचे आहे. दुरून फसगत होते, परंतु जवळ गेल्यास फरक कळतो : कॉर्डिलाइनचे पान साध्या तलवारीसारखे असते आणि फुलोरा येऊन गेला की खोडाला फाटे फुटतात. पामचे पान पंख्याचे किंवा पिसाचे असते व त्यावर घड्या असतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१० च्या थंडीत पुष्कळ कॉर्डिलाइन वरून मेली, पण त्यांतील बरीच बुंध्यातून पुन्हा फुटली. लातूरच्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे चुसान पामला ही सवलत नाही.

ही झाडे तेथे जगतात ती अटलांटिक महासागरातून ईशान्येकडे वाहणाऱ्या उबदार प्रवाहामुळे. त्याच पश्चिम किनाऱ्याला, दक्षिणेकडे लोगन वनस्पती उद्यान आहे; तेथे मात्र खरे पाम उघड्यावर पाहायला मिळतात.

प्रश्न (परभणी) : उत्तराखंडात पिथोरागडजवळ बर्फात वाढणारा पाम आहे असे वाचले. तो आमच्या शेताच्या बांधावर लावता येईल का? तसेच माझा पुतण्या कॅनडात व्हँकूव्हरला असतो. त्याला शिंदीच्या बिया टपालाने पाठवल्या तर तेथे झाड येईल का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. त्या पामचे नाव ट्रॅकीकार्पस टाकिल. इटालियन शास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांनी १९०५ मध्ये त्याचे वर्णन केले. तो समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर आणि त्याहून अधिक उंचीवर, बांजच्या म्हणजे हिमालयातील ओकच्या दमट जंगलात वाढतो, आणि चुसान पामचा सख्खा भाऊ शोभेल इतका त्याच्यासारखा दिसतो.

परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. काही हिवाळ्यांत तेथील पारा पाच अंशांच्याही खाली उतरला आहे. पण त्या थंडीचे या पामला काहीच वाटणार नाही. त्याचा जीव जाईल तो आपल्या मे महिन्यात : बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची दुपार, अंगाला झोंबणारा कोरडा वारा आणि मध्यरात्रीपर्यंत न निवणारी जमीन. घराच्या उत्तरेला, दाट सावलीत, मोठ्या कुंडीत हौस म्हणून जगवून पाहायला हरकत नाही. उघड्या बांधावर तो लावू नये; तेथे शिंदीच शोभते आणि शिंदीच टिकते.

आता शिंदीच्या बियांविषयी. शिंदी शून्याखाली थोडीबहुत थंडी क्षणभर सोसते, परंतु व्हँकूव्हरच्या हिवाळ्यात ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत गार पाऊस चालतो आणि त्या ओलीत तिचा कोंब कुजतो. पुतण्याला हौसच असेल तर त्याने ती कुंडीत वाढवून हिवाळाभर घरात उजेडाच्या खिडकीशी ठेवावी. जमिनीत लावायचा पाम त्याला गावातच पाहायला मिळेल. इंग्लिश बे येथील समुद्राकाठी उभे असलेले पाम चुसानच आहेत.

बिया मात्र साध्या पाकिटातून गुपचूप पाठवू नयेत. परदेशातून येणाऱ्या बियांसाठी कॅनडाचे रोगराईविषयक नियम कडक आहेत. ते पुतण्याने आधी पाहावेत. हे नियम जाचक वाटले तरी त्यांमागे कारण आहे. आपल्याकडच्या माडांना आणि शिंदींना पोखरणारा सोंड्या भुंगा एका देशातून दुसऱ्या देशात विकत नेलेल्या झाडांबरोबर प्रवास करत १९९० च्या दशकात स्पेनमध्ये पोचला, आणि त्यानंतर भूमध्य समुद्राकाठचे असंख्य कॅनरी पाम त्याने आतून पोखरून टाकले. बियांतून हा भुंगा जात नाही, हे खरे. पण जाणारी दुसरी दुखणी आहेत.

प्रश्न (उदगीर) : माझा धाकटा भाऊ स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागात राहतो. चुसान पामची विक्री तेथे बंद झाली असे रोपवाटिकेत त्याला सांगण्यात आले. हे खरे का? त्याच्या अंगणात आधीचे एक झाड आहे, ते काढावे लागेल का?

उत्तर : खरे आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये या पामच्या विक्रीवर बंदी आहे. टिचिनोतील हिवाळे सौम्य होत गेले, पक्ष्यांनी फळे खाऊन बी रानात नेले आणि तेथील जंगलांत चुसान पामची रोपे इतकी दाट उगवू लागली की मूळच्या झाडांना जागा पुरेना. थंड देशात पाम जगेल का, अशी चिंता इतर वाचक करत असताना एका कोपऱ्यात तो नको इतका जगतो आहे, हेही ध्यानात असावे.

ही बंदी विक्री, भेट देणे आणि आयात यांवर आहे. अंगणात आधीपासून असलेले झाड तोडण्याची सक्ती तीत नाही. या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि फळे फक्त मादीला धरतात. आपल्या भावाचे झाड नर असेल तर काहीच करायला नको. मादी असेल तर फुलोऱ्याचे दांडे फळे निळसर-काळी होण्यापूर्वी, शक्यतो हिरवी असतानाच कापावेत, आणि ते अंगणातील खताच्या ढिगावर न टाकता बंद पिशवीतून घरगुती कचऱ्यात द्यावेत.