मित्राच्या सेस्नात बसावं का? विमानतळावर टॉवरच नाही म्हणे!

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इलिनॉयमधल्या मित्राने गेल्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलंय. भाड्याच्या चार आसनी सेस्नातून चक्कर मारायला तो बोलावतोय. पण त्याच्या गावच्या विमानतळावर विमानांची ये-जा सांभाळणारा कंट्रोल टॉवर नाही हे कळल्यापासून बायको 'अजिबात नको' म्हणतेय. जावं की नाही?

मीही इलिनॉयमध्येच, शिकागोच्या पश्चिमेला राहतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, विमान उडवणं ही हौस. वहिनींची काळजी रास्त आहे, फक्त ती टॉवरवर खर्च करू नका. ती मित्रावर खर्च करा.

अमेरिकेत सगळ्यांना खुले असलेले विमानतळ पाच हजारांच्या आसपास आहेत आणि टॉवर आहे त्यातल्या जेमतेम एक दशांशावर. बाकी ठिकाणी वैमानिक एकमेकांनाच सांगतात. ठरलेली एक फ्रिक्वेन्सी असते, तिच्यावर 'डीकाल्ब ट्रॅफिक, सेस्ना अमुक अमुक, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू, डीकाल्ब' असं, म्हणजे आपण कोण, फेरीत कुठे आणि कुठल्या धावपट्टीसाठी ते बोलायचं. गावाचं नाव आधी आणि शेवटी असं दोनदा, कारण तीच फ्रिक्वेन्सी शेजारपाजारचे विमानतळही वापरत असतात. उतरणारं विमान धावपट्टीच्या बाजूने, साधारण हजार फुटांवरून, आयताकृती फेरी घेऊन येतं. पद्धत साधी आहे आणि एरवी छान चालते. मात्र अशा बहुतेक ठिकाणी विमानात रेडिओ असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. वीजच नसलेलं जुनं पायपर कब एक शब्द न बोलता येऊन उतरतं आणि त्यात बेकायदा काही नसतं. त्यामुळे रेडिओ शांत आहे म्हणजे आकाश मोकळं आहे, असं समजणारा वैमानिक मला नको असतो.

आणि बोलणं झालं तरी ते समजलं असं नाही. क्विन्सी हे तुमच्या मित्राच्याच राज्यातलं, मिसिसिपीकाठचं गाव. १९ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी तिथे युनायटेड एक्सप्रेसचं छोटं प्रवासी विमान, बीचक्राफ्ट १९००, धावपट्टी १३ वर उतरत होतं. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ४ च्या टोकाला एक किंग एअर, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, निघायच्या तयारीत होतं आणि त्याच्या मागे पायपर चेरोकी हे आणखी एक छोटं विमान. उतरणाऱ्यांनी विचारलं, धावपट्टी ४ वरचं विमान थांबतंय की निघतंय? किंग एअर गप्प. उत्तर दिलं मागच्या चेरोकीवाल्याने, की मी थांबलोय. नेमका त्याच क्षणी बीचक्राफ्टच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा यांत्रिक आवाज मध्ये आला. उतरणाऱ्यांचा समज झाला की किंग एअरच बोललं. ते उतरले, किंग एअरने दौड सुरू केली आणि दोन धावपट्ट्या मिळतात तिथे दोन्ही विमानं आदळली. १४ जण गेले, कुणीच वाचलं नाही. चौकशीत मुख्य ठपका किंग एअरमधल्या वैमानिकांवर आला: फ्रिक्वेन्सीकडे लक्ष नव्हतं आणि आजूबाजूला नीट पाहिलंही नव्हतं. त्यातली मला सगळ्यात छळणारी गोष्ट वेगळीच आहे. बीचक्राफ्टमधली माणसं धडकेने मेली नव्हती. दार अडकलं, लोक मदतीला धावूनही ते उघडेना, आणि आतली माणसं धुराने, आगीने गेली. विमानतळावर अग्निशमनाचा बंब हजर नव्हता. म्हणून विमानात बसल्यावर पहिली गोष्ट, दार आतून कसं उघडतं ते मित्राला दाखवायला सांगा आणि स्वतः एकदा उघडून बघा. तो हे आपणहून दाखवत असेल तर मित्र बरा आहे.

कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला १८ ऑगस्ट २०२२ रोजी तर दोघंही रेडिओवर बोलत होते. छोटं सेस्ना १५२ फेरी पूर्ण करून उतरत होतं आणि दोन इंजिनांचं सेस्ना ३४० लांबून सरळ रेषेत आलं, १८० नॉटच्या आसपास वेगाने, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर. उतरायला एवढा वेग कुणी ठेवत नाही. मागून कुणीतरी फार जोरात येतंय, मी उतरत नाही, असं छोट्या विमानातून सांगितलं गेलं, तोवर उशीर झाला होता, दोन्ही हवेतच आदळली. तिघांचा जीव गेला. सरळ आत येणं नियमाने मना नाही. पण आधीच कुणी फेरीत असताना घुसायचं की वळसा घ्यायचा, हे टॉवर सांगणार नसतो, ते डाव्या सीटवरच्या माणसाच्या, म्हणजे वैमानिकाच्या, स्वभावावर ठरतं.

फेरीतली मला वैयक्तिक धास्ती वाटते ती शेवटच्या वळणाची. वारा पाठीमागून असेल तर विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे वाहवत जातं. मग हात आपोआप वळण घट्ट करायला जातो, पाय रडर (शेपटीचं सुकाणू) दाबायला जातो, नाक वर येतं आणि वेग गळतो. वळण जितकं तिरकं तितका स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमान तोलून धरत नाहीत तो, चढतो. उंची राखून ६० अंशांचं वळण घेतलं तर ४१ टक्क्यांनी. वरती हजारो फूट हाताशी असताना यातून सावरता येतं, इथे पाचशेच्या आसपास असतात. उपाय शाळकरी पोराला कळेल असा आहे: जमत नाहीये, पूर्ण पॉवर द्यायची, वर जायचं, पुन्हा फेरी घ्यायची. मागे पाहुणे बसलेले असले की मात्र तो हात थ्रॉटलकडे जायला कचरतो. मित्राने असं केलं तर 'काय झालं?' म्हणून ओरडू नका, घाबरूही नका.

आता हवामान. माझ्या मते खरी परीक्षा इथेच असते, आणि ती घरातल्या खुर्चीत बसून द्यायची असते. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनियर १६ जुलै १९९९च्या रात्री बायको आणि मेहुणीला घेऊन मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाला. उपकरणांच्या भरवशावर उडवायचं लायसन्स त्याच्याकडे नव्हतं. दृश्यता नियमात बसत होती, पण समुद्रावर रात्री धुरकट हवेत क्षितिजच दिसेना. दिशाभ्रम झाला आणि विमान पाण्यात गेलं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने असं शिक्षण नसलेल्या २० जणांना कृत्रिमरीत्या काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावलं होतं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ८ मिनिटांत, सरासरी १७८ सेकंद. हल्ली लायसन्सआधी तीन तास तरी उपकरणांवरचा सराव करावाच लागतो. पण तो चुकून ढगात शिरलात तर मागे फिरता यावं एवढ्यापुरता, आरपार जायला नव्हे.

तुम्ही जी मदत करू शकता ती इथेच. 'सुट्टी संपत आली, आज जमवच' असलं काही त्याला बोलू नका. तुमचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावरून असेल तर हे उड्डाण आदल्या दिवशी ठेवूच नका.

वजनाचंही बघा. सेस्ना १७२ ला खुर्च्या चार असतात म्हणून माणसं चार बसतात असं नाही. टाक्या काठोकाठ भरल्या की माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलोच्या आतबाहेरच जागा उरते. म्हणजे तुम्ही दोघं, मित्र, त्याची बायको आणि जेवणाचा डबा एवढं बहुधा बसणार नाही. त्याने तुमचं वजन विचारलं तर खरं सांगा, लाजू नका. उन्हाळ्यात दुपारी हवा विरळ होते आणि तेच विमान आणखी आळशी होतं.

त्याला काय विचारायचं? नियमाने प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीनदा उड्डाण आणि तीनदा उतरणं झालेलं हवं. ते झालंय का, एवढं विचाराच, पण ही किमान पातळी आहे, मला ती पुरेशी वाटत नाही. याच विमानतळावरून, याच विमानात गेल्या महिनाभरात उडालायस का, हे विचारा. मग विचारा, हवा किंवा तब्येत बघून शेवटचं उड्डाण रद्द कधी केलंस? त्याने लगेच दोन-तीन किस्से सांगितले तर निर्धास्त जा. 'मला कधी रद्द करायची वेळच आली नाही' म्हणाला तर जेवायला बोलवा, विमानात बसू नका.

त्या दिवशी निघण्यापूर्वी तो पंखाखाली वाकून पारदर्शक भांड्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरेल. ते फिकट निळं दिसायला हवं आणि तळाशी पाण्याचा थेंब नको. मग पंखावर चढून टाकीत मोजपट्टी बुडवेल, कारण समोरच्या काट्यावर कुणी विसंबत नाही. हे चालू असताना गप्पा मारू नका, फोटो नंतर काढा. हवेत गेल्यावर फेरीत शिरताना आणि उतरताना तोंड बंद, डोळे उघडे. दुसरं विमान दिसलं तर मात्र बिनधास्त मध्ये बोला, बोट दाखवा. चार डोळे दोनांपेक्षा बरे, आणि वहिनी आल्या तर सहा.

सकाळी लवकर निघा, धक्के कमी बसतात. आणि तुमच्या अपघात विम्याची कागदपत्रं जाण्याआधी एकदा वाचा; बऱ्याच पॉलिसी फक्त तिकीट काढून केलेला विमानप्रवास धरतात, मित्राच्या विमानातला नाही.