बहिणीच्या लग्नातल्या प्रार्थना

प्रश्न: धाकट्या बहिणीचं लग्न वसईत, मराठी मिस्सात (चर्चमधल्या उपासनाविधीत) आहे. श्रद्धावंतांच्या प्रार्थना, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे करायच्या मागण्या, मी लिहायच्यात. पप्पा आता नाहीत. त्यांचं नाव घेतलं तर चालेल?

उत्तर: जरूर घे, बाळा. अंगठ्या घालून झाल्यावर या प्रार्थना येतात. आधी ख्रिस्तसभा (चर्च), मग देशाचा कारभार पाहणारे, गरीब-आजारी, आणि मग आपली माणसं. लग्नात नवदांपत्याला अर्थातच जास्त जागा. प्रत्येक हेतू, म्हणजे एकेक मागणी, एका वाक्यात संपव: ‘वधूचे वडील व दोन्ही घरांतल्या मृत आप्तांना प्रभूने चिरशांती द्यावी, म्हणून प्रार्थना करू या.’ पप्पांच्या आठवणी जेवणाच्या वेळी भरभरून सांग, इथे नकोत. सुरुवात आणि समारोप फादर करतात. कागद त्यांना आधी दाखव. पप्पांची ओळ काकांना वाचू दे, तुझा गळा दाटून येईल.